भावजींचा फोन पाण्यात पडला तेव्हा

माझे धाकटे दीर इंजिनिअर होऊन नोकरीला लागले आणि एक दिवस मोबाईल घेऊन घरी आले. रत्नागिरीच्या मांडवीतल्या आमच्या आळीत तेव्हा मोबाईल असलेली घरं थोडीच होती. सासूबाईंनी त्याला क्रोशाचं लाल आवरण विणून दिलं. भावजींनी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात टाकलं, कारण वेळ आता फोनमध्ये दिसत होती. बेरीज फोनमध्ये, वाढदिवस फोनमध्ये, पहाटेचा गजर फोनमध्ये. जेवायला कितीही हाका मारा, माडीवरून ओ यायची नाही. मी घरच्या फोनवरून मिस्ड कॉल दिला की लगेच जिन्यावर पावलं वाजायची.

"भावजी, उद्या भूक लागलीय की नाही तेही त्यातच बघाल," मी म्हणायचे.

"हसा, वहिनी. तुम्हीसुद्धा घ्याल एक दिवस."

त्यात त्यांचा साखरपुडा झाला. मुलगी आंजर्ल्याची, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिच्याकडेही मोबाईल होता, पण खाली गावात रेंज मिळायची नाही. म्हणून शाळा सुटली की ती कड्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंत चढून जायची, आणि इकडे भावजी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसायचे. रोज संध्याकाळी इतकं काय बोलत, ते गणपतीलाच ठाऊक. परत येताना भावजींचा कान लाल झालेला असायचा आणि चेहरा त्याहून लाल.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मात्र ते लवकर परतले. पँट कमरेपर्यंत भिजलेली, चेहरा उतरलेला.

"फोन पडला," ते म्हणाले.

"कुठे?"

"समुद्रात. या कानावरून त्या कानावर घेताना निसटला. उतरून बघितलं, पण भरती होती."

"आणि ती?"

"तिने तेवढ्यात विचारलं होतं, लग्नानंतर मला शाळा सोडावी लागेल का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, 'हे बघ...' आणि फोन पडला."

मला हसू आवरेना. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मुलीच्या बाजूने बघितलं तर हे काही हसण्यासारखं नव्हतं. तिने आयुष्याचा प्रश्न विचारला, आणि पलीकडून 'हे बघ' म्हणून फोन बंद झाला. तिने काय समजायचं?

"मग घरच्या फोनवरून लावा तिला," मी म्हटलं.

भावजी फोनपाशी गेले, रिसीव्हर उचलला आणि तसेच उभे राहिले. नंबर पाठच नव्हता! रोज ज्या नंबरवर तासन् तास बोलायचे, त्याचे पहिले दोन आकडे सांगून गाडी अडली. मोबाईलमध्ये तिच्या नावावर बोट दाबलं की लागायचा. आकडे कोण बघतो? तिच्या वडिलांच्या घरचा नंबर सासऱ्यांना तोंडपाठ होता. त्यांनी तो फिरवला, तर नुसती घरघर. गेल्या आठवड्यातल्या वादळात तिकडचे टेलिफोनचे खांब आडवे झाले होते, आणि ते कधी उभे राहतील याचा भरवसा नव्हता. मोबाईलवाल्या दुकानदारानेही तोच नंबर परत सुरू व्हायला आठवडा लागेल असं सांगितलं.

"मग चार ओळी लिहून टाक पोस्टात," सासरे म्हणाले. "आम्ही काय करायचो?"

भावजी लिहायला बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे आले. "वहिनी, सुरुवात काय करतात? 'हाय' लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, "पोस्टमनला चालेल." पुढच्या प्रयत्नात 'प्रश्न' या शब्दातला श कुठला, यावर ते अडले. मोबाईलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय. तिथे सगळे श सारखेच. माझ्याकडून लिहून घ्यायचा बेत होता, पण मी काही हाताला लागले नाही. शेवटी कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "मी उद्या सकाळी जातो आंजर्ल्याला."

लग्नाआधी मुलगा एकटाच सासुरवाडीला गेलेला बरा दिसत नाही, असं सासूबाईंचं मत पडलं. म्हणून त्यांनी मलाही बरोबर धाडलं.

असा प्रवास मी पुन्हा केला नाही. भावजींचा हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. किती वाजले म्हणून ते मलाच विचारत. दापोलीला गाडीतून उतरल्यावर हर्णैची गाडी कुठे लागते हे कुणाला तरी विचारायचं होतं, तर ते पाट्या वाचत स्टँडला चकरा मारत राहिले.

"अहो, माणसांना विचारा. चावत नाहीत."

"विचारतो ना," म्हणाले आणि माझ्याकडेच बघत राहिले. अखेर मीच एका केळीवालीला विचारलं. गाडी समोरच उभी होती.

तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता. होडीने पलीकडे गेलो आणि मुलीच्या घरी पोचेपर्यंत चार वाजून गेले. आम्हाला दारात बघून तिच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. लग्न मोडायला आलोत असंच तिला वाटलं असणार. मी घाईघाईने म्हटलं, "सगळं ठीक आहे हो, नुसता फोन पडलाय." मग तिला धीर आला. "पोरगी कालपासून नीट जेवलेली नाही," ती म्हणाली. "आताच वर गेली, रेंज बघायला."

भावजी धावतच पायऱ्या चढले. मी धापा टाकत मागून पोचले. देवळामागच्या दगडी गडग्याशी ती मुलगी उभी होती, फोन धरलेला हात आभाळाकडे उंच केलेला. तिने वळून बघितलं. भावजी तिच्यापासून चार हातांवर थांबले. रोज संध्याकाळ पुरायची नाही अशी बोलणारी ही दोघं, समोरासमोर आल्यावर एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. वारा सुटला होता, खाली समुद्र गर्जत होता, आणि दोघं एकमेकांच्या चपलांकडे बघत होती.

"मी मध्ये उभी राहून निरोप पोचवू का?" मी विचारलं.

ती मुलगी हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बंद केलात."

"पाण्यात पडला," भावजी म्हणाले. "मी सांगणारच होतो. शाळा सोडू नकोस. रत्नागिरीतही शाळा आहेत. मी चौकशी करतो."

"मग तुमच्या घरच्या फोनवरून सांगायचं."

"तुझ्या घरचा बंद आहे. आणि तुझ्या मोबाईलचा नंबर... पाठ नाही."

मला वाटलं, आता ही चिडते की काय! पण ती खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या घरचा मला तरी कुठे पाठ आहे? नाहीतर कालच इथून केला असता."

मग मी तिथून काढता पाय घेतला आणि गणपतीचं दर्शन सावकाश घेतलं. खाली उतरताना दोघं माझ्यापुढे होती. एकमेकांचे नंबर मोठ्याने घोकत चालली होती, आणि चुकलं की ती मास्तरणीच्या सुरात पहिल्यापासून म्हणायला लावत होती. त्या रात्री तिच्या आईने हळदीच्या पानातले पातोळे वाढले. मुलगी आईच्या बरोबरीने जेवली, भावजी सगळ्यांपेक्षा जास्त.

लग्न मार्गशीर्षात झालं. माझ्या जावेला रत्नागिरीतच शाळा मिळाली, सकाळची. ती लवकर जायची, म्हणून पहिल्या सोमवारी भावजींनी कुकर लावायचं स्वतःहून अंगावर घेतलं. तांदूळ धुतले, डाळ धुतली, झाकण लावलं, शिट्टी ठेवली. पाणी तेवढं घालायचं राहिलं. वास मागच्या अंगणापर्यंत गेला. सासूबाईंनी करपलेलं भांडं नळाखाली धरलं, काथ्या भावजींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घास आता. बायको यायच्या आत."