सुनेने लिहिलेले नकार

माझी धाकटी सून ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तक कोणी नेलं, परत कधी येणार, एवढं लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम तिने रिकाम्या वेळात केला. कोणीही फुकट घ्यावा, आतलं उघडून बघावं, चुकलं असेल तर सुधारून पाठवावं. मी चौथी शिकलेली, पण हे कळतं. विणीचा नमुना शेजारणीला दिला म्हणून आपला स्वेटर काही उसवत नाही.

दूरदूरचे दहाजण तिला मदत करतात. प्रोग्रॅममध्ये कोणी काही नवं मागितलं आणि तिने नाही म्हटलं, की कारणासकट ती ते लिहून ठेवते. असे त्रेसष्ट नकार झाले. त्यातले निम्मे एका लांबच्या बाईंपायी. त्यांच्या छोट्या ग्रंथालयातला संगणक म्हातारा, जड प्रोग्रॅम त्याला पेलायचा नाही. "तो सुरू होईतो मी खिडक्या उघडून घेते," असं त्या लिहायच्या.

मदतनिसांत एक मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते एकदा फोनवर म्हणाले, "ताई, आपलं ध्येयवाक्य कुठंय? नव्या माणसाला कळत नाही आपण कशासाठी आहोत."

यात खोटं काही नव्हतं.

"पुस्तकं परत यावीत म्हणून आहोत," सून म्हणाली.

"एवढंसं चालत नाही हो. जरा उंच हवं."

तीन आठवडे दहाजण एका वाक्याला लटकले. शेवटी ठरलं: 'प्रत्येक वाचकाला ज्ञानाचं संपूर्ण विश्व.'

मी म्हटलं, "छान आहे. बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल."

"आई, तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली, पण हसली.

पुढे लोक तेच वाक्य तिच्यावर फेकायला लागले. संपूर्ण विश्व म्हणता, मग हवामान का नाही? कोडी का नाहीत? स्वतःच्याच शब्दांपुढे तिला नाही म्हणवेना. प्रोग्रॅम फुगत गेला.

एक दिवस जेवताना बाईंचं पत्र आलं. 'खिडक्या उघडून झाल्या, झाडून झालं, फडताळं पुसून झाली. अजून सुरू होत नाही. आता वहीत लिहू का?'

सुनेचा घास हातातच राहिला. तशाच उष्ट्या हाताने तिने साहेबांना फोन लावून पत्र वाचून दाखवलं.

"वाक्य माझ्या हट्टाचं," साहेब म्हणाले. "काढून टाकू. पण ताई, दारावर पाटी हवीच, हे माझं अजून म्हणणं आहे."

"पाटी आहे की. आतल्या खोलीत पडलीय." तिने नकारांची यादी पाठवली.

ते मोठ्याने वाचायला लागले. "हवामान नाही: खिडकी आहे. हलती चित्रं नाहीत: जुने संगणक दमतात." मग ते हसले. "अहो, मी इतके दिवस हेच तर मागत होतो. लावा दारावर."

घुसलेलं सगळं काढायला दोघांना नऊ दिवस लागले. हवामानवाला रुसून गेला. ते जोडायला त्याने मेहनत केली होती, सुनेला ते लागलं.

दहाव्या दिवशी बाईंची एक ओळ आली: 'आज दुसरी खिडकी उघडायच्या आत सुरू झाला.'

सून म्हणाली, "साहेबांना कळवते," आणि जेवायचं ताट तसंच ठेवून उठली.