मी तिला मुर्रीला पाठवलं

माझ्या तीन मैत्रिणींपैकी एकीशी मी दीड वर्षापासून बोललेली नाही. बोलायची इच्छाही नाही. एवढं काय झालं, असं लोक विचारतात. स्कूटीच्या शर्यतीत झालं, असं सांगितलं की त्यांना हसू येतं. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

आम्ही चौघी गोंदियाच्या कॉलेजात एकाच बाकावर बसायचो. पुढे एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, एक खासगी दवाखान्यात नर्स. एक बाजारातल्या कापड दुकानदाराच्या घरी सून म्हणून गेली. मी लग्न करून शहराला लागून असलेल्या मुर्री गावात आले. नवऱ्याची साडेतीन एकर धानाची शेती आहे, थोडी ठेक्याची, आणि रस्त्याला लागून माझं ऑनलाइनचं दुकान. सातबारा, पीक विमा, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, असं सगळं मी तिथे बसून करते.

कापड दुकानवालीचं माहेर आमगावकडचं. तिचे वडील माझ्या वडिलांसारखेच धान लावणारे. लग्नानंतर ती हळूहळू फक्त हिंदी बोलायला लागली, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. गोंदियात निम्मा बाजार हिंदीच बोलतो. पण तिच्या मुलीच्या वाढदिवसाला तिने मला चार बायकांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "ये मेरी गाँववाली फ्रेंड." त्या बायकांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. मी हसून घेतलं. घरी येताना उड्डाणपुलावर मला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्त राग आला.

तर एप्रिलमधल्या एका रविवारी शहरातल्या एका महिला मंडळाने ट्रेझर हंट ठेवलं. एका स्कूटीवर दोघी. शहरभर आठ ठिकाणी आठ चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीत कोडं, त्याच्या उत्तरात पुढची जागा. प्रत्येक जागी मंडळाची एक बाई लिफाफे घेऊन बसलेली. आठही लिफाफे गोळा करून जी जोडी सभागृहात आधी पोचेल ती जिंकली.

जोड्या दुकानवालीनेच पाडल्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने लिहिलं की ती आणि नर्स तिच्या नव्या गाडीवर, आणि आम्ही उरलेल्या दोघी माझ्या गाडीवर. मी विचारलं, असं का? तिचा आवाजातला निरोप आला, "अरे यार, तू धीरे चलाती ना. मेरा जी घबराता." मी रोज मुर्रीहून शहरात येते, पावसाळ्यातही. ती दुकान ते घर, घर ते ब्युटी पार्लर, एवढीच गाडी चालवते. 

रविवारी नऊ वाजता मैदानावर वीसेक गाड्या उभ्या होत्या. दुकानवाली लाल काचांचा गॉगल लावून आली होती. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "देखो, हम चारों एकच टीम समझो. जिसको जवाब मिला, वो दुसरी को फोन करेगी. अपनी दो में से एक जोडी तो पहिली आनीच चाहिए." शिक्षिकेला ते फार आवडलं. नर्स मान हलवत होती. मीही हो म्हटलं, मनापासून म्हटलं. वाटलं, चला, आज तरी आपल्यात धरलं.

पहिली चिठ्ठी भाजी बाजारात निघाली, ती सगळ्यांनाच मिळाली. दुसरीत लिहिलं होतं: पाय लांब, जोडी पक्की, भिंतीवर उभे, पण भूक नाही. मला लगेच कळलं, ते चौकातल्या भिंतीवर रंगवलेले सारस पक्षी. मी आधी फोन केला आणि मग गाडी सुरू केली. तिसरं कोडं शिक्षिकेने सोडवलं, तेव्हाही फोन केला. दोन्ही वेळा दुकानवाली आमच्या मागून आली, लिफाफा घेतला आणि हॉर्न वाजवत आमच्या पुढे निघून गेली. एकदाही थांबली नाही. तिच्या मागे बसलेल्या नर्सने तेवढा हात हलवला.

चौथी चिठ्ठी अशी होती: कचारगडच्या गुहेला जायचं, पाय न दुखवता, दार मात्र शहरातच उघडतं. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला गाडी लावून डोकं खाजवत होतो, तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज एकदम गोड.

"मिल गया! रेल्वे स्टेशन. सालेकसा की गाडी यहीं से जाती ना? दो नंबर प्लॅटफॉर्म के बाजू में देख, वहीं बैठी है वो मॅडम. हम तो ले के निकल गये."

कचारगड सालेकसा तालुक्यात, सालेकशाला गाडी थांबते, सगळं जुळत होतं. आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी लावायला जागा नव्हती. शिक्षिका प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेली, मी बाहेर तिकीट खिडक्यांपाशी शोधत राहिले. एका पोलिसाने विचारलं, कोणाला शोधता. मी म्हटलं, लिफाफेवाल्या बाईला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही घाम गाळला. शिक्षिका परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"तिथं कोणीच नाही वं. तिचं सांगण्यात चुकलं असंल."

"ती तर लिफाफा घेऊन निघाली म्हणत होती."

शिक्षिकेने चिठ्ठी पुन्हा वाचली. दार उघडतं म्हणजे बसचं दार, ती म्हणाली. बसस्थानक! आम्ही तिकडे पळालो. सालेकशाची बस लागते तिथेच मंडळाची एक वयस्कर बाई खुर्ची टाकून बसली होती. आम्हाला बघताच ती हसली.

"तुम्ही दोघी का? तुमची मैत्रीण कधीच घेऊन गेली. लाल गॉगलवाली. इथंच उभं राहून फोन केला तिनं. म्हणत होती, मागच्या दोघींना स्टेशन फिरायला पाठवलं. दोघीही कित्ती हसत होत्या! मला वाटलं तुमची आपसातली गंमत आहे."

मी लिफाफा घेतला.  शिक्षिका म्हणाली, "जाऊ दे ना. खेळच तर आहे."

खेळ होता हे मलाही कळत होतं. पण त्या क्षणी मला तो वाढदिवस आठवला, तिने हॉटेलात मला न विचारता माझ्यासाठी मागवलेलं साधं वरण-भात आठवलं, "तुमको ये समझेगा नहीं" हे तिचं वाक्य आठवलं. दहा वर्षांत गिळलेलं सगळं एकदम तोंडात आलं. 

पाचवी चिठ्ठी तर माझीच होती. तीत लिहिलं होतं: माझी स्वतःची जमीन नाही, पण सगळ्यांची जमीन माझ्या पोटात. मी आठवड्यातून दोनदा तहसील कार्यालयात जाते. रविवार असल्याने कार्यालय बंद होतं, मंडळाची बाई फाटकासमोर झाडाखाली बसली होती. म्हणाली, तुम्ही तिसऱ्या. मी विचारलं, लाल गॉगलवाली येऊन गेली? ती म्हणाली, नाही.

म्हणजे ती अडकली होती. आणि फोन वाजलाच.

"अरे सुन ना, ये जमीन वाला तुझको आया होगा. हम मोक्षधाम में जाके आ गये, वहाँ तो कुछ नहीं."

मी तहसीलच्या फाटकाला हात लावून उभी होते. लोखंड तापलेलं होतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका शांत निघाला.

"तलाठी कार्यालय. मुर्रीचं. आम्ही तिथूनच निघालो."

"मुर्री? तेरे यहाँ?"

"हो, म्हणून तर मला लगेच कळलं. मोठ्या रस्त्यानं नको जाऊ, लांब पडेल. कॅनॉलच्या कडेनं जा, पाच मिनिटात पोचशील."

तिने थँक्यू म्हटलं. त्या दिवसातलं पहिलं.

शिक्षिकेने माझा दंड धरला. "काऊन वं असं सांगतलंस? कॅनॉलचा रस्ता तर खोदून ठेवला आहे ना?"

"आहे."

"मंग?"

"मंग काय? बस गाडीवर."

खोटं बोलले ते वेगळं. पण तो रस्ता पाइपलाइनसाठी आठ दिवसांपासून खोदलेला आहे, मातीचे ढीग आहेत, हे मला पक्कं माहीत होतं. तिची नवी गाडी तिथे फसावी, तिच्या चपला मातीत जाव्यात, तिने उन्हात गाडी ढकलावी, असं चित्र डोळ्यांसमोर आणूनच मी ते वाक्य बोलले. मागे नर्स बसलेली आहे, हे मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी थांबले असते का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढच्या तीन चिठ्ठ्या आम्ही काढल्या. शिक्षिका सहाव्या जागेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सातव्या जागी म्हणाली, "फोन कर तिले. सांगून दे." मी केला नाही. तिने स्वतः केला, तर तो लागला नाही. आम्ही चौथ्या आलो. पहिली आली ती रामनगरची एक सासू-सून जोडी. सासू गाडी चालवत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूने बक्षिसाचा मिक्सर डोक्यावर धरून फोटो काढला.

आम्ही नाश्त्याच्या प्लेट घेऊन बसलो होतो तेव्हा त्या दोघी आल्या. दुकानवालीची सलवार गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, गॉगल नव्हता. नर्सने डावा हात ओढणीच्या झोळीत धरला होता. कोपर सोललं होतं. ती कोणाकडेच बघत नव्हती.

दुकानवाली सरळ माझ्यासमोर आली.

"तुले माहीत होतं ना तो रस्ता खोदला आहे म्हणून?"

"होतं."

"अन् तरी पाठवलंस? जीव गेला असता तर?"

"तू स्टेशनवर पाठवलंस तेव्हा माझा वेळ गेला. बसस्टँडवर उभी राहून हसलीस."

"मी मजाक केली! तू जाणूनबुजून पाडलंस. तुले लाज नाही वाटत का वं? जळतेस तू माझ्यावर. पहिल्यापासून जळतेस."

 मंडळाची अध्यक्ष बाई उठून येत होती. मी प्लेट खाली ठेवली आणि उभी राहिले.

"जळते? तुझ्यावर? तुझ्या मायनं नेसलेलं लुगडं तुले आता लपवावं लागते, तिच्या गावचं नाव सांगताना तुझी जीभ अडकते. कायले जळू मी?"

हे मी बोलायला नको होतं. तिची आई त्याच वर्षी वारली होती. बोलून गेल्यावर मला ते आठवलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. तिने हात उचलला होता. शिक्षिका मध्ये आली. दुकानवालीने माझी प्लेट उलटवली, पोहे माझ्या कपड्यांवर सांडले, आणि ती रडत बाहेर गेली. लोक माझ्याकडे बघत होते. कोणाची बाजू घ्यायची हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. हात झोळीत असलेली नर्स तिथे होती, त्यामुळे माझी बाजू कोण घेणार?

नर्सच्या मनगटाला बारीक फ्रॅक्चर निघालं. तीन आठवडे प्लास्टर. त्या काळात तिला ड्युटीवर जाता आलं नाही. मी पाचव्या दिवशी तिच्या घरी गेले. तिनेच दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मी आत जाऊन बसले. प्लास्टरवर तिच्या मुलाने पेनने फूल काढलं होतं.

मी म्हटलं, "तू मागे बसली आहेस हे मी विसरले. त्याचं मला फार वाईट वाटलं."

तिने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तुमचं दोघींचं काय आहे ते आहे. माझा हात मोडला. मी दवाखान्यात दुसऱ्याचे हात बांधते, अन् घरी माझी साडी माझी सासू नेसवून देते."

"माफ कर."

"नाही करत. आत्ता तर नाही." मग तिने वर पाहिलं. "अन् आणखी एक ऐक. स्टेशनची गोष्ट तिच्या एकटीच्या डोक्यातली नव्हती. ती म्हणाली, यांना कुठं पाठवू. मीच म्हटलं, स्टेशनवर पाठव, सालेकसा आहे, पटंल त्यांना."

 मी त्या घरात माफी मागायला गेले होते, आणि तिथे बसूनच माझा राग पुन्हा पेटला. तोही अशा बाईवर, जिचा हात माझ्यामुळे प्लास्टरमध्ये होता. तिची सासू चहा घेऊन आली. मी चहा न घेता उठले. नर्सने थांबवलं नाही.

ग्रुप आता बंद आहे. कोणी सोडला, कोणी काढला, शेवटी त्यात शिक्षिका एकटी उरली होती. ती अजून मला भेटते, त्या दोघींनाही भेटते. कोणाचं काय चाललं आहे ते एकमेकींना सांगत नाही. एकदा तिने दुकानवालीचा निरोप आणला होता, की दोघींनी एकत्र बसून विषय संपवावा. मी म्हटलं, आधी तिने म्हणावं की ती मला गावंढळ समजत होती. शिक्षिका म्हणाली, असं कोणी म्हणतं का? मी म्हटलं, मग राहू दे.

परवा फुलचूरच्या रस्त्यावर पेट्रोल पंपावर दुकानवाली माझ्या पुढे उभी होती. गाडी तीच, एका बाजूचा पत्रा अजून चेपलेला. तिने आरशात मला पाहिलं. मीही तिला पाहिलं. पेट्रोल भरून ती निघाली आणि माझा नंबर आला. पंपावरच्या मुलीने विचारलं, किती टाकू. मी सांगितलं.