काळी कॉन्सर्टिना

पेटीवर बसलो की माझी बोटं मला विचारायला येत नसत. वडील दुर्गला रेल्वेत फिटर होते, आणि तिथल्या रेल्वे कॉलनीच्या भजनी मंडळात मी शाळेत असल्यापासून पेटी धरत होतो. भिलाईला रोलिंग मिलमध्ये लागलो तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये अर्धे क्वार्टर रिकामे होते आणि रस्त्यावर नुसती लाल माती उडायची. पण पहिल्या गणपतीपासून पेटीला मीच, हे ठरूनच गेलं. गाणारा नुसता खाकरला तरी त्याला काळी दोनचा सा द्यायचा की पांढरी चारचा, ते मला कळायचं. एवढं सांगतो ते एकाच कारणासाठी. त्या दिवशी सहा कोनांच्या त्या डबीसमोर मी कसा घाबरलो होतो, ते समजावं.

मिलवर आमच्या बाजूला एक रशियन इंजिनिअर होता. उंच, लालबुंद, कमी बोलणारा. साइटवर त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपली होती आणि ती पुन्हा सरळ झाली नाहीत. गणपतीत तो मागच्या खुर्चीवर बसून माझी पेटी ऐकायचा, इतकीच आमची ओळख. त्याचा करार संपला, परत जायची तारीख ठरली, आणि त्यानं दुभाष्याच्या तोंडून मला निरोप पाठवला.

हा दुभाष्या आमच्याच मागच्या ब्लॉकमध्ये राहायचा. वर्ध्याकडचा, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. प्लँटनं चालवलेल्या वर्गात रशियन शिकला आणि पोटापुरता नव्हे तर खरोखर चांगला शिकला. आमच्या बायका एकमेकींकडे विरजण मागायच्या. दिवाळीला आम्ही एकत्र जेवायचो.

"भाऊ, साहेबाकडं दोन कॉन्सर्टिना हायेत," तो दारातच उभा राहून म्हणाला. "एक तुमाले देऊन राहिला. कोणती ते तुम्ही पसंत करा म्हणते. दुसरी प्लँटच्या क्लबात ठेवाची हाय."

"मले कावून? मले तर ते वाजवताबी येत नाही."

"त्यालेच विचारा," तो म्हणाला आणि बसलासुद्धा नाही.

माझी बी शिफ्ट होती. दोन वाजता मिलवर हजर व्हायचं. आम्ही साडेअकराला सायकलींवर निघालो. मे महिन्याचं ऊन होतं. एरवी वाटेत अखंड बोलणारा तो त्या दिवशी माझ्या पुढे दहा हात सायकल चालवत राहिला.

साहेबाच्या घरात खोकीच खोकी होती. गवताचा पेंढा, सुतळी, खिळे. त्याची बायको आत भांडी कागदात गुंडाळत होती. टेबलावर दोन्ही कॉन्सर्टिना ठेवल्या होत्या. एक लाल, चकचकीत, कडांना पांढरी नक्षी. दुसरी काळी, लाकडाची, कोपऱ्यांवरचं चामडं झिजून पांढुरकं पडलेलं. दोन्ही सहाकोनी, दोन्ही बाजूंना बटणं, मधे छोटा भाता. पट्टी एकही नाही.

साहेबानं हातानं खूण केली, घे. मी लाल उचलली, कारण ती जवळ होती. चामड्याच्या पट्ट्यात हात घातले आणि भाता ओढला. मोठा, उघडा आवाज आला. भजनाला चालेल असा. मग तेच बटण दाबून भाता मिटला, तर सूर भलताच. ओढताना एक, दाबताना दुसरा. मी पुन्हा करून पाहिलं. सा कुठे आहे तेच सापडेना. वीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस, आणि मला सरळ सात सूर काढता येईनात. साहेब माझ्या बोटांकडे बघत होता. पाठीवरून घाम उतरला तो उन्हाचा नव्हता.

"सगळ्या अशाच असतात का?" मी दुभाष्याला विचारलं.

"अशाच असतात. हळूहळू सवय होते."

साहेब काहीतरी बोलला. नाकाशी हात नेऊन त्यानं तोंड वाकडं केलं, लाल कॉन्सर्टिनाकडे बोट दाखवलं, आणि त्याच्या बोलण्यात एक शब्द मी स्पष्ट ऐकला, 'प्लोखा'. मिलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला रशियनचे दोन शब्द यायचेच. खराशो म्हणजे चांगलं, प्लोखा म्हणजे वाईट. दिवसातून पन्नास वेळा ते कानावर पडायचे.

"काय म्हणते?"

दुभाष्यानं टेबलाकडे पाहिलं. "डबा खराब हाय म्हणते. ठेवायचा डबा. पेटी नाही."

डबा समोरच होता. नवा कोरा.

मी लाल खाली ठेवली आणि काळी हातात घेतली. जड होती. एक बटण दाबलं, आवाजच नाही. दुसरं दाबलं, तर सूर इतका हळू उठला की मी श्वास धरला.

"पाहा ना," दुभाष्या घाईनं म्हणाला, "जुनी हाय, भाता गेला हाय तिचा. साहेबच म्हणते. लाल घ्या भाऊ, उगाच कावून वेळ घालवता? शिफ्टले उशीर होईन."

साहेबानं तर तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं.

या माणसाला मी भाऊ मानत होतो. तो खोटं बोलत होता हे नक्की, पण का, ते कळेना. आणि मला रशियन येत नव्हतं. साहेबाशी बोलायचा रस्ता एकच होता आणि तो दुभाष्याच्याच तोंडातून जात होता.

मग सुचलं की भाता तरी मला कळतो. पेटीचे फाटके भाते मी स्वतः चामडं लावून दुरुस्त केले होते. काळी मी एका पट्ट्यानं धरून हवेत टांगली आणि खालची बाजू सोडून दिली. भाता उघडलाच नाही म्हणा ना. मी मनात वीस मोजेपर्यंत तो जेमतेम बोटभर खाली आला. मग लाल तशीच टांगली. ती फस् करून एका दमात खाली उतरली. हवा गळत होती ती लालचीच.

साहेब हसला. पहिल्यांदाच. मी काळीच्या मुक्या बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिशातून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला, बाजूचे सहा स्क्रू सोडले आणि झाकण उचलून माझ्यापुढे धरलं. आत प्रत्येक सुराची पितळी चौकट वेगळी होती, तिच्यातली सूर काढणारी प्रत्येक पत्ती हातानं कानस लावून घासलेली. इतकं नेटकं काम मी कुठल्याच पेटीत पाहिलं नव्हतं. एका पत्तीखाली लोकरीचा धागा अडकला होता. मी कागदाची कड सरकवून तो काढला. झाकण लागलं. बटण बोललं. ओढताना तोच सूर, दाबतानाही तोच.

मग मंद्र सा आणि मध्य सा एकदम धरले. सूर जुळलेले नसले की दोन्हींच्या मधे लहर उठते, ती जरा तरी येते का ते ऐकत राहिलो. आली नाही.

साहेब दुभाष्याला काहीतरी म्हणाला, बरंच, आणि माझ्याकडे बोट दाखवून थांबला. आता याचं भाषांतर करणं त्याला भाग होतं. मी त्याच्याकडे वळलो. मी साहेबासमोर एक शब्द बोललो असतो, नुसतं त्याच्याकडे बोट दाखवून 'प्लोखा' म्हटलं असतं, तरी त्याची नोकरी धोक्यात आली असती. दुभाष्याकडे विश्वासाशिवाय दुसरं काय असतं! त्यालाही ते कळत होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"काय म्हणते साहेब?" मी विचारलं.

"विचारते... विचारते, कोणती?"

"सांग, काळी."

त्यानं सांगितलं. साहेबानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, त्याची ती वाकडी बोटं माझ्या मनगटाला लागली.

जिन्यात मी दुभाष्याला अडवलं. "कावून केलं असं?"

तो भिंतीकडे बघत होता. "तीन वर्षं मी त्याच्याकडं येऊन राहिलो. तो आत कागद पाहत राहे, तवा मी ही वाजवे. त्याची बोटं चेपली नव्हती तवा पाहून पाहून शिकलो. सगळी येते मले. त्यानं कधी विचारलं नाही, तुले येते का. म्हणे, खरा वाजवणारा तो पेटीवाला, त्याले आण." मग तो माझ्याकडे वळला. "लाल तुम्ही नेली असती तर काळी क्लबात राहिली असती. मी रोज गेलो असतो. तुमच्याजवळ पेटी हाय, भाऊ. माझ्याजवळ काय हाय?"

"खोटं बोललास," एवढंच म्हणालो. सायकलच्या कॅरियरला डबा बांधला आणि निघालो. मी बरोबर होतो. मिलपर्यंत हेच मनात घोकत गेलो.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. बायकांना कारण कळलं नाही, पण विरजण थांबलं. आणि कॉन्सर्टिना मला येईना. सूर दोन्ही हातांत वाटलेले, एक या बाजूला तर पुढचा त्या बाजूला. उजवा हात पट्ट्यांवर धावायला शिकलेला, तो इथे बांधल्यासारखा व्हायचा. भाता कधी उलटवायचा ते चुकायचं आणि ओळीच्या मधेच दम संपायचा. भजनी मंडळात सगळ्यांना कळलं होतं की रशियन साहेबानं मला बाजा दिला. गणपतीत वाजवा, म्हणून लोक मागे लागले. मी हो म्हणून बसलो होतो.

गणपतीला तीन आठवडे राहिले तेव्हा मी डबा घेऊन मागच्या ब्लॉकमध्ये गेलो. त्याच्या दाराशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. दार त्यानंच उघडलं. त्यानं आधी डब्याकडे पाहिलं.

"मले येऊन नाही राहिली," मी म्हणालो.

तो बाजूला झाला नाही, दारही लावलं नाही. "मग मी काय करू?"

"शिकव."

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, कोण हाय? त्यानं हात पुढे करून माझ्या हातातून डबा घेतला आणि आत गेला. मीही गेलो. त्यानं खुर्चीत बसून कॉन्सर्टिना गुडघ्यावर ठेवली आणि वाजवायला लागला. कुठलीतरी रशियन, सावकाश चालणारी चाल होती. भाता कुठे उलटला ते मला ऐकू आलं नाही. ते इतकं चांगलं होतं की मी खाली बघत राहिलो. साहेबानं खरा वाजवणारा आण म्हटलं, तेव्हा तो त्याच्यासमोरच बसला होता.

त्यानं मला शिकवलं. तीन आठवडे, रोज, शिफ्टप्रमाणे सकाळी नाहीतर संध्याकाळी. कडक शिकवायचा. "भाऊ, हे पेटी नाही, दोन्ही हातांनी ऐका," म्हणायचा. साहेबाच्या घरातल्या त्या दुपारबद्दल त्यानं माफी मागितली नाही आणि मी विषय काढला नाही. गणपतीत मी दोन भजनं कशीबशी वाजवली. तो समोर बसला होता. वाजव म्हणून मी त्याला स्टेजवर बोलावलं नाही. बोलवायचं ठरवून गेलो होतो. पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि माझ्यानं झालं नाही.

पुढे दोन वर्षांनी त्याची बदली बोकारोला झाली. आदल्या दिवशी बायको म्हणाली, "त्याले देऊन टाका ना ते. तुमची पेटी हाय की." मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवर गेलो तो पोळ्यांचा आणि जवसाच्या चटणीचा डबा घेऊन. त्यानं खिडकीतून तो घेतला, माझ्या दुसऱ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि हसून म्हणाला, "येतो भाऊ. रियाज सोडू नका."

त्यानंतर दोनदा बोकारोला जायचं ठरवलं, रजाही मागितली. गेलो नाही. काळी कॉन्सर्टिना अजून माझ्याकडेच आहे. आता बरी वाजवतो मी.