पहिला घास

मामाच्या हातून पहिला घास घेतल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणी अन्नाला तोंड लावत नाही. जळगावच्या डॉक्टरबाईंनी ही परंपरा वजनकाट्यावर ठेवली. मी आत्या; माझ्या भावाचा मुलगा शौर्य, वय अकरा महिने, वजन साडेपाच किलो.

त्या म्हणाल्या, "सिव्हिअर ॲक्यूट मालन्यूट्रिशन." म्हणजे तीव्र कुपोषण. हा शब्द मी आजवर वर्तमानपत्रात, इतरांच्या पोरांबद्दल वाचला होता. भावाची चाळीसगावजवळ बागायती शेती आहे, गोठ्यात गाई आहेत. कुपोषण पत्ता चुकलं असावं, असंच आम्हाला वाटलं.

पहिला नातू, म्हणून उष्टावणाला मंडप घालायचं ठरलं होतं. मामा मस्कतला नोकरीला. सहावा महिना सरला तेव्हा त्याला रजा नव्हती. आठव्यात आला, तर भाऊकीत मयत होऊन सुतक लागलं. तो परत गेला. तोवर शौर्यला बाटलीतलं दूध. निव्वळ दूध जड, म्हणून त्यात निम्मं पाणी. मधे जुलाब झाले, तेव्हा पाणी आणखी वाढलं. माझी आई शेजाऱ्यांना कौतुकाने सांगे, "पोऱ्या कितला गुनी शे, रडस बी नही."

जुलाब थांबेनात, तेव्हा भाऊ, भावजय आणि आई त्याला माझ्याकडे जळगावला घेऊन आले.

डॉक्टरांनी दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली, ती लाल रंगावर, म्हणजे धोक्याच्या खुणेवर थांबली. हातपाय गार, रक्तातली साखर खाली. आईने इथेही त्याचा गुणीपणा सांगितला. "गुणी कसला? त्याच्यात रडायची ताकद नाही," त्या म्हणाल्या. "पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही."

नाकातून नळी घातली. तीतून औषधी दूध, थोडं थोडं. मी जास्त द्या म्हटलं. उपाशी शरीरावर एकदम अन्न लोटलं तर हृदय बंद पडू शकतं, असं त्यांनी समजावलं. भूक मारते हे मला ठाऊक होतं. जेवणही मारू शकतं, हे नवीन होतं.

मग त्यांनी मनीषाकडे, माझ्या भावजयीकडे, पाहिलं. गरोदरपणात तिला ॲनिमिया होता, म्हणजे रक्त कमी. बाळंतपणानंतर पथ्याच्या नावाखाली ती अर्धपोटीच होती. बाळ जन्मलं तेच दोन किलोचं. "लहान बाळ, अशक्त आई, पाण्याचं दूध, जुलाब आणि वर हा उपास," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही एकही कारण सोडलेलं नाही."

दुधावर तो तगला. आता मऊ खिचडी सुरू करा, असं सांगितल्यावर आईने दबक्या आवाजात मामाचा विषय काढला. मामाचाही फोन आला: चांदीची वाटी घेतली आहे, महिनाभर थांबा. सासूसमोर कधी न बोलणारी मनीषा म्हणाली, "दादा, तू सवडीने ये. पोर थांबणार नाही."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकीला मी हेच सांगत आले: सहा महिने पूर्ण झाले की मऊ, घट्ट अन्न सुरू करा. दर महिन्याला वजन करा. बाळ फार शांत झालं, तर कौतुक नको, दवाखाना गाठा. आणि आईच्या ताटातही बघा.

शौर्य वाचला. वजन अजून कमीच आहे. गेलेले महिने पुरते भरून येतील का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आईला मात्र एकच घोर: पहिला घास शेवटी कुणी भरवला?

नळी काढायला आलेल्या सिस्टरांनी. मी नाव विचारायला गेले, तोवर त्यांची ड्यूटी संपली होती.