माळावरचं डेटा सेंटर आणि अक्का

अक्का आणि मी एकाच निवडणुकीत ग्रामपंचायतीवर निवडून आलो, दोघीही महिलांच्या राखीव जागांवर. ती माळावरच्या वस्तीची, मी कालव्याखालच्या रानातली. कर्जत तालुक्यातलं, राशीनकडचं आमचं गाव काही मोठं नाही, तरी तोवर आमची नीट ओळखही नव्हती. दिवाळी झाली की अक्का आणि तिचा नवरा ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. आमच्या घरातलं कुणी कधी तोडीला गेलं नव्हतं.

पहिल्या मासिक सभेला माझ्या खुर्चीत माझे मालकच बसले होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते. अक्का आली, पदर खोचला आणि त्यांना म्हणाली, "भाऊ, निवडून वहिनी आल्यात. तुमी जरा चहाचं बघा."

सगळे हसले. मालकही हसले आणि खरोखरच उठले. बाहेर पडल्यावर मी तिचा हात धरला, तो एसटी स्टँडपर्यंत सोडला नाही.

पुढं तालुक्याला प्रशिक्षण असो, पंचायत समितीची बैठक असो, आम्ही जोडीनंच जायचो. ती खिडकीपाशी बसायची, ओच्यातून भाजलेल्या शेंगा काढायची आणि टरफलं परत ओच्यातच ठेवायची. थंडीत सभा असली की साखर कारखान्यावरून एसटीनं थेट माझ्या घरी उतरायची. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे असायचे. मी तेल कोमट करून लावायची आणि ती डोळे मिटून बसायची. एकदा तशीच बसून म्हणाली, "वहिनी, माझी एकच हाव हाय बघ. एक हिवाळा घरात काढायचा. हुरड्याला चार मानसं बोलवायची, आन कुनी इचारलं तर सांगायचं, न्हाई, अवंदा आमी कुठंच जात न्हाई."

मग एका सभेत ग्रामसेवकांनी कंपनीचं पत्र वाचलं. माळाला लागून विजेचं मोठं उपकेंद्र आहे. त्याच्या शेजारची जमीन कंपनीला डेटा सेंटरसाठी हवी होती आणि त्यासाठी पंचायतीचा ना हरकत दाखला. त्या जमिनीत अक्काचं रानही होतं आणि घरही. बाजरी, तूर, हुलगा, पाऊस झाला तर.

ग्रामसभेला शाळेच्या मैदानात मंडप घातला. कंपनीचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाले की लोकांच्या मोबाईलमधली माहिती, बँकांचे व्यवहार, सगळं साठवणारी यंत्रं इथं असतील.

"म्हंजी गोडाऊनच की," मागून एक म्हातारबाबा म्हणाले.

"तसंच म्हणा," साहेब हसले.

मी उठून विचारलं, "यंत्रं तापतात म्हणे. थंड ठेवायला पाणी किती लागेल?"

"आमची पद्धत आधुनिक आहे, ताई."

"हो, पण किती?"

"ते डिझाईन ठरल्यावर सांगता येईल."

पाण्यावरून गलका झाला. शेवटी सरपंच म्हणाले, आधी असलं एखादं बघून या. म्हणून आम्ही काही सदस्य जीप करून पुण्याजवळच्या एका डेटा सेंटरला गेलो. आत कुणी सोडलं नाही. बाहेरून नुसती उंच, बिनखिडक्यांची भिंत. पण आवाज येत होता. पिठाची गिरणी दळण संपलं की थांबते. हा थांबतच नव्हता. अक्कानं भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "थरथरतंय गं."

पलीकडच्या गल्लीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "सवय होते हो. आता माहेरी गेले की तिथंच झोप लागत नाही, फार शांत वाटतं."

परतताना जीपमध्ये मी अक्काला म्हणाले, "आपण दाखला देऊ, पण अटी घालू. बोअरचं पाणी उपसायचं नाही. जनरेटर वस्तीपासून लांब."

राशीन येईपर्यंत ती ओच्यातल्या शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "अटी बघून ते दुसरीकडं गेले तर?"

"गेले तर जाऊ देत."

"तुमचं रान कालव्याखाली हाय, वहिनी. तुमी म्हनू शकता."

इतकी वर्षं ती मला 'अगं' आणि 'तू' म्हणत आली होती. त्या 'तुमी'नं मला जीपच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं.

मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, या असल्या सेंटरला नियम काय आहेत? तिथले अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, खडी क्रशरचे नियम मला माहीत आहेत, कारखान्याचे आहेत. ह्याचं वेगळं असं आमच्याकडं अजून काही आलेलं नाही. तुमचा ठराव पाठवा, आम्ही वर पाठवतो." तेव्हा मीच बसून अटी लिहिल्या. पाण्याची, जनरेटरची, आणि आवाज मोजून दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लिहायची.

ठरावाची सभा ऐन थंडीत आली. अक्का कारखान्यावरून सकाळच्या एसटीनं आली, पण माझ्याकडं उतरली नाही. मी तेलाची वाटी चुलीशेजारी ठेवून वाट पाहिली होती.

सभेत मी अटी वाचल्या. अक्का उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता बोलू लागली. "आमच्या वस्तीला टँकरचं पानी येतं, तवा कुनी अट घातली न्हाई. हंडा घेऊन आमच्या सुना रांगेत उभ्या ऱ्हात्यात, तवा कुनी कागद लिहिला न्हाई. आता कुठं त्या माळाला गिऱ्हाईक आलंय."

खोटं काहीच नव्हतं. मी कसंबसं म्हणाले, "अक्का, तो टँकर भरतो ती बोअरही माळाच्याच पायथ्याला आहे. ती आटली तर वस्तीनं काय करायचं?"

"तवा आमी तिथं असूच कशाला?" ती म्हणाली.

इतके दिवस मी पाण्यावरून भांडत होते आणि ती गाव सोडूनच जायला निघाली होती. हे मला तिनं घरी सांगितलं नव्हतं, बसमध्ये सांगितलं नव्हतं. सभेत, सगळ्यांच्या देखत कळलं. सरपंचांनी अटींसकट ठरावाला हात वर करायला सांगितले. मी केला. अक्काचे दोन्ही हात मांडीवर तसेच राहिले. ठराव मंजूर झाला. तिनं हजेरीची सही केली आणि चहा न घेता निघून गेली.

त्यानंतर कित्येक महिने कंपनीकडून काहीच कळलं नाही. वस्तीवरची माणसं मला बघून रस्ता बदलायची. मग एक दिवस कंपनीनं बहुतेक अटी मान्य केल्याचं कळवलं आणि जमिनींचे व्यवहार झाले. अक्काची लेक श्रीरामपूरला दिलेली, मुलानंही तिथल्या बाजारात टेम्पो लावला. अक्कानं सदस्यपदाचा राजीनामा दिला. श्रीरामपूरला राहायला जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली, बसली नाही. "येते गं," एवढंच म्हणाली. पण 'गं' म्हणाली. मी त्यावरच कितीतरी दिवस काढले.

पहिल्याच हिवाळ्यात मी तिला भेटायला श्रीरामपूरला गेले. दोन खोल्या, स्वच्छ, दारात तुळस. तिच्या हातांवर एकही ओरखडा नव्हता. गॅसवर चहा ठेवत ती म्हणाली, "बघ, अवंदा कुठंच गेले न्हाई." मग हसली. "फक्त हुरड्याला बोलवायला रान न्हाई."

आम्ही खूप बोललो, सभेचं सोडून. निघताना ती स्टँडपर्यंत आली. बस लागल्यावर तिनं विचारलं, "तुज्या अटी पाळत्यात का ते?"

"पाण्याची पाळतात. बांधकामालाही बाहेरून आणतात, मी स्वतः जाऊन बघते. आवाजाचं मात्र यंत्रं बसल्यावरच कळेल."

"बसली की कळव. मी ऐकायला येईन."

यंत्रं बसली. मी फोन केला, तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. पुन्हा केला, तेव्हा लेकीचं बाळंतपण होतं. पंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला आवाजाचा आकडा लिहितात आणि तो ठरल्यापेक्षा कमीच असतो. वस्ती उठली, त्यामुळं तक्रार करायलाही तिथं कुणी नाही. पाणी राहिलं, कालवा राहिला, माझा ठरावही राहिला. तो चुकला असं मला वाटत नाही. पण मासिक सभेत कुणी काही बोललं की माझी मान आपोआप डावीकडं वळते, अक्का हसतेय का बघायला. तिथं आता एक नवी सदस्य बसते, चांगली शिकलेली आहे, मला 'काकू' म्हणते.

संध्याकाळी कधी कधी मी माळावर जाते. अक्काच्या घराची जागा कुंपणाच्या आत गेली आहे. बाहेर उभी राहून त्या आवाजाला कशाची उपमा द्यावी याचा विचार करते आणि मला सापडत नाही. अक्काला एका शब्दात सापडली असती. परवा फोनवर मी तिला म्हणालेही, "ये की एकदा, तुझ्याशिवाय मला हे ऐकू येत नाही नीट."

"येते," ती म्हणाली. "थंडी पडू दे."