कथीड्रलमधली ओटी

आधी कबूल करा की हसणार नाही, तरच सांगते. घ्या, आत्ताच हसायला लागलात! जाऊ दे. सांगूनच टाकते, कारण हीच गोष्ट आमच्या ह्यांच्या तोंडून ऐकलीत तर मी आहे त्याच्या दुप्पट बावळट वाटेन.

मी एक अख्खं चर्च रिकामं करवलंय. साधंसुधं नाही हं, तीनशे वर्षांचं कथीड्रल! तेही एका नारळाने.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा आम्ही लीड्सला होतो. हे सर्जन, पण नोकऱ्या सगळ्या सहा-सहा महिन्यांच्या. मुदत संपली की नवं हॉस्पिटल, नवं गाव, नवं भाड्याचं घर आणि तेच जुनं ओलसर कार्पेट. पाच वर्षांत माझा कुकर नऊ वेळा खोक्यात गेला आणि नऊ वेळा बाहेर आला. खोटं कशाला बोलू, खोकी बांधताना मला रडू यायचं. मोठं घर नको होतं, गाडी नको होती. मला फक्त एका घरात लागोपाठ दोन दिवाळ्या करायच्या होत्या. एवढंच!

अशात समुद्रकाठच्या एका गावात कायमची जागा निघाली. गावाचं नाव विचारू नका, तिथले लोक अजून मला ओळखतात. सोमवारी इंटरव्ह्यू. त्याआधी जाऊन डिपार्टमेंट बघून यायची इथे पद्धत असते, म्हणून ह्यांनी शनिवारची वेळ घेतली. तिथले मुख्य सर्जन मिस्टर हार्टली. हो, मिस्टरच! इकडे सर्जनला डॉक्टर म्हटलं तर त्याला राग येतो. एवढं शिकायचं आणि पुन्हा मिस्टर व्हायचं! तर हे मिस्टर हार्टली फोनवर म्हणाले, "मिसेसनाही घेऊन या, लंच आमच्याकडेच."

झालं, मी ओटीची तयारी केली. सवाष्णीच्या घरी पहिल्यांदा जेवायला जायचं, तिच्या नवऱ्याच्या हातात आपल्या नवऱ्याची नोकरी, आणि हात हलवत जायचं? हिरवा खण घेतला, तांदूळ, सुपारी, हळदीकुंकवाच्या पुड्या घेतल्या. नारळ तेवढा राहिला. दुकानातले सगळे कानाशी धरून हलवले, एकात पाणी असेल तर शपथ.

हे म्हणाले, "शैला, ओटी म्हणजे काय हे त्या बाईला समजावणार कोण?"

"तुम्ही तुमच्या ऑपरेशनांचं बघा. माझं मी बघते."

गावात तासभर आधी पोचलो म्हणून पिअरवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या लांब धक्क्यावर, चक्कर मारायला गेलो. आणि बघते तर काय, नारळ! तिथल्या जत्रेत एक स्टॉल होता. काठ्यांवर नारळ मांडलेले. लांबून चेंडू मारायचा, नारळ पडला तर तुमचा. मी म्हटलं विकत द्या, तर तो बाबा ऐकेना. मग ह्यांनी सहा चेंडू मारले. सर्जनचा हात म्हणे! एक तर त्या स्टॉलवाल्याच्याच खांद्याला लागला. शेवटी मी पदर खोचला. शाळेत असताना चिंचा पाडलेला हात आहे हा. पहिल्या चेंडूत नारळ खाली! छान होता हो, शेंडीसकट, आणि आत पाणी खळखळत होतं.

एवढं सगळं करून हार्टलींच्या दारात गेलो, तर मिसेस हार्टली घरात नाहीतच! बहिणीचा पाय मोडला म्हणून सकाळीच तिकडे गेलेल्या. मिस्टर हार्टलींनी आम्हाला चीज सँडविच आणि टोमॅटोचं सूप दिलं आणि म्हणाले, "शनिवारी दुपारी मी कथीड्रलमध्ये गाइडचं काम करतो. चला, तुम्हाला दाखवतो. बरोक आहे. इंग्लंडमध्ये असं फारसं सापडायचं नाही."

ओटीची पिशवी काखोटीला मारून मी निघाले.

आता मला सांगा, तोवर मी इंग्लंडात बघितलेली चर्चेस कशी? उघडा दगड, गारठा, आणि सुट्टीतल्या शाळेसारखी शांतता. हे मात्र काही औरच होतं! पिळदार खांब, त्यांवर सोनेरी वेली, छतावर रंगवलेले ढग, आणि ढगांतून डोकावणारी गुटगुटीत, उघडीवागडी बाळं. एक वीतभर जागा मोकळी सोडली नव्हती. मिस्टर हार्टली सारखे 'बरोक, बरोक' करत होते. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण इतकी वर्षं परक्या देशात काढून पहिल्यांदा कुठेतरी घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे देवळाचे खांब कोरणारा सुतार आणि इथला सुतार, दोघांना थांबायचं कुठे हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आणि बाजूच्या कोनाड्यात ती. निळं वस्त्र, डोक्यावर मुकुट, कडेवर बाळ. लेकुरवाळी! समोर मेणबत्त्या, फुलं, सगळं होतं. पण तीनशे वर्षांत त्या बाईची कुणी ओटी भरली होती का? मला नाही राहवलं.

हे आणि मिस्टर हार्टली माना वर करून छत बघत होते. मी पटकन कुंकू लावलं, तिच्या पायाला हो, कपाळापर्यंत हात पोचेना. खणात तांदूळ, सुपारी, हळदीकुंकू आणि नारळ ठेवला. म्हटलं, "बाई, तुझं घर बघ कसं कायमचं आहे. मलाही एक दे." आणि डोळे भरून आले हो, उगीच नाही सांगत.

आता ते उघड्यावर ठेवलं तर मिस्टर हार्टली विचारतील हे काय म्हणून. मग मी खणाचं गाठोडं बांधलं, गाठ सुटू नये म्हणून वर पिशवीतली सुतळी आवळली, आणि फुलदाणीच्या मागे नीट सारून ठेवलं. केवढी हुशार मी!

दहा मिनिटं झाली असतील. एक काळ्या झग्यातले गृहस्थ भराभर आले, मिस्टर हार्टलींच्या कानात काहीतरी बोलले, आणि मिस्टर हार्टली आम्हाला अगदी शांतपणे म्हणाले, "आपण बाहेर गेलो तर बरं. बॉम्ब असावा, असं म्हणतायत." चहा घेणार का, असं विचारावं तशा आवाजात!

तो काळच तसा होता, आयरिश अतिरेकी कुठेही बॉम्ब ठेवायचे. स्टेशनांवरच्या कचऱ्याच्या पेट्यासुद्धा उचलून नेल्या होत्या. बेवारस पिशवी दिसली की पोलीस. तेव्हा सगळे भराभर बाहेर. प्रोमेनाडवर, वाळूलगतच्या फिरायच्या रस्त्यावर, पट्टी लावून आम्हाला तिच्यामागे उभं केलं. पोलीस आले, मग लष्कराची गाडी आली. गार वारा, दीड तास उभं.

आणि त्या दीड तासात मी काय केलं असेल? कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीला लेक्चर दिलं! म्हटलं, काय ही माणसं, देवळातसुद्धा असले उद्योग करतात, असल्यांना फटके मारले पाहिजेत. "क्वाइट राइट, डिअर," म्हातारी म्हणाली. मग मला आणखी चेव आला. आसपासची आठ-दहा माणसं माझं ऐकून माना डोलवायला लागली.

तेवढ्यात वही घेऊन एक सार्जंट आला. "ही वस्तू ठेवताना कुणी कुणाला पाहिलंय का? हिरव्या कापडात बांधलेली. गोल, जड. सुतळीने आवळलेली. वरून एक वातीसारखं काहीतरी बाहेर आलंय."

वात! अहो, शेंडी ती!

माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि तिथे खरोखरच वाळू होती. ह्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं. मग माझ्या रिकाम्या पिशवीकडे.

"शैला, नारळ कुठाय?"

"तिथेच."

"तिथे म्हणजे?"

"अहो, तिथेच!"

दोन हातांवर मिस्टर हार्टली उभे. सांगावं तर सोमवारची नोकरी गेली, दोन दिवाळ्याही गेल्या. न सांगावं तर आत कुणाचातरी मुलगा माझ्या नारळावर जिवावर उदार होऊन वाकलेला. त्याच्या आईचा विचार आला आणि माझा हात आपोआप वर गेला, शाळेत जातो तसा.

"इट इज माइन."

आठ-दहा माना माझ्याकडे वळल्या. म्हातारीने कुत्रा जवळ ओढला.

"काय आहे त्यात, मॅडम?"

"कोकोनट."

"कोकोनट." त्याने लिहिलं. "आणि?"

"राइस. यलो पावडर. रेड पावडर."

त्याचं पेन थांबलं. "कशासाठी?"

आता ओटी भरणं इंग्रजीत सांगून दाखवा तुम्ही! मी म्हटलं, "फॉर द लेडी. टू फिल हर लॅप."

"कुठली लेडी?"

"विथ द बेबी."

"मॅडम, ती मूर्ती आहे."

"आय नो! बट शी इज मॅरिड!"

सार्जंटने ह्यांच्याकडे पाहिलं. हे समुद्राकडे पाहत होते. शेवटी सार्जंटने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात कथीड्रलच्या मागच्या हिरवळीवर धाड!

गाठोडं त्यांनी यंत्राच्या लांब हाताने बाहेर काढून नेमकं तेव्हाच उडवलं होतं. वरती लाल-पिवळा ढग उठला. अगदी बरोक! गावातले सगळे सीगल पक्षी आरडाओरडा करत खोबऱ्यावर तुटून पडले.

मिस्टर हार्टली माझ्याजवळ आले. मी म्हटलं, संपलं. ते म्हणाले, "मिसेस हार्टलींना फार वाईट वाटेल, नेमक्या आजच त्या इथे नव्हत्या."

लीड्सला परत आलो. दारात किल्ली लावताना हे म्हणाले, "ही नोकरी गेलीच समज. कुकर खोक्यात भरायला घे."

सोमवारी हे इंटरव्ह्यूला गेले. नारळाचा विषयच निघाला नाही. इंग्रज माणूस, तो कसला काढतोय! संध्याकाळी फोन आला, नोकरी ह्यांनाच दिली होती. मी घरभर नाचले. मग आठवलं, आता जन्मभर त्याच गावात राहायचंय!

राहायला गेलो, आणि आठवड्यात कथीड्रलच्या मुख्य धर्मगुरूंचं पत्र. अत्यंत नम्र. लेडीच्या कोनाड्यापाशी सूचना लावतोय, समुद्रापलीकडचे पाहुणे येतात म्हणून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. आणि आपल्या भाषेतही असावी असं वाटतं, तर कृपा करून लिहून द्याल का? काय करता? बसले आणि वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'कृपया येथे नारळ ठेवू नये.' त्यांनी ते पितळी चौकटीत लावलं. त्या अख्ख्या किनाऱ्यावर मराठी वाचता येणारी बाई एकच, मी!

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. पाहुण्यांना कथीड्रल दाखवायचं काम ह्यांचं. कोनाड्यापाशी सासूबाई थबकल्या, चष्मा वर केला, मोठ्याने पाटी वाचली, आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले.

"अगं शैला, मराठीत पाटी लावावी लागली! म्हणजे आपल्या किती बायका येत असतील इथे ओटी भरायला!"

ह्यांना एकदम खोकल्याची उबळ आली.

मी म्हटलं, "हो ना आई. शनिवारी तर इतकी गर्दी होते की पोलीस बोलवावे लागतात."