हिवाळेबाईंचं लायसन

फोन वाजला की हिवाळेबाई तो उचलून थेट गच्चीवर जात. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या वृद्धाश्रमात खाली हॉलमध्ये वीसेक म्हातारी माणसं कान टवकारून बसलेली असत आणि बाई वर पाण्याच्या टाकीआड उभ्या राहून बोलत. जिना उतरता उतरता ललकारत, "सगळं खुशाल हाय!" फोन कुणाचा, कशासाठी, अवाक्षर नाही. मी तिथली नर्स. सुरुवातीला मला वाटलं, बाईंना खालच्या गलक्यात ऐकू येत नसेल. मग उमगलं, खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणूनच ही सगळी चढउतार.

बाई बारावी झालेल्या. आधी एका दवाखान्यात आया होत्या, मग इथे व्यवस्थापक. अंगाने दणकट आणि आवाज त्याहून दणकट. "फिकर माझ्याकडं द्या अन् तुमी जेवा," हे त्यांचं पालुपद. कुणाचा मुलगा भेटायला येणार नसला की त्याची गाडी बिघडलेली असायची. कुणाची बहीण आजारी असली की ती तीर्थयात्रेला गेलेली असायची. त्यांच्या या थापांचा मला राग यायचा आणि त्या थापा मारण्यामागची माया बघून तो टिकायचाही नाही.

मग आश्रमाच्या परवान्याचं नूतनीकरण आलं आणि सगळं अडलं. अशा संस्थेच्या व्यवस्थापकाने प्रशिक्षण घेऊन लेखी आणि तोंडी परीक्षा पास व्हायलाच हवी, असा नियम आला होता. शिकलेला नवा माणूस नेमणं आमच्या ट्रस्टला परवडणारं नव्हतं. म्हणजे बाई नापास झाल्या तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर आश्रमाला कुलूप. प्रशिक्षणाला जाऊ लागल्यावर बाईंनी हॉलमध्ये जाहीर केलं, "मी शिवणाचा क्लास लावलाय."

लेखी परीक्षा त्या पास झाल्या. तोंडी परीक्षेत मात्र घोटाळा झाला. परीक्षकबाईंनी विचारलं, "आजींचा भाऊ वारला. घरचे म्हणतात, सांगू नका. आजींना सगळं समजतं. तुम्ही काय कराल?" आमच्या बाई ठासून म्हणाल्या, "नाय सांगणार." झालं, नापास. परत आल्या त्या धुसफुसतच.

"म्हणे, तुम्ही त्यांचं दुःखही स्वतःकडं ठेवून घेता. आता दुःख काय दागिना हाय का, ठेवून घ्यायला?"

आणि आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. आमच्या गंगूमावशी, हिवाळेबाईंना 'कौसे' म्हणणाऱ्या एकट्याच; त्यांचा थोरला भाऊ कन्नड गावी वारला होता. भाच्याचा फोन आला, आत्याला सांगू नका, धक्का बसेल. भाऊबीज तोंडावर होती. बाईंनी स्वतः जाऊन एक हिरवं लुगडं आणलं आणि भावाने पाठवलं म्हणून मावशींच्या हातात दिलं. मावशी ते नेसल्यासुद्धा.

फेरपरीक्षा जवळ आली. मी सुचवलं, "बाई, या खेपेला परीक्षकांना हवं ते उत्तर द्या आणि मोकळ्या व्हा."

बाई उसळल्या. "खोटं बोलते ते यांच्यासाठी, शिस्टर. माझ्या लायसनसाठी नाय बोलणार."

दोन दिवसांनी दुपारी गंगूमावशी मेथी निवडत बसल्या होत्या, तिथे बाई जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, बीपीचं मशीन घेऊन ये. मी ते घेऊन शेजारी उभी राहिले.

"मावशी, तुमचे दादा गेले. दिवाळीच्या आधी. मी तुमाला सांगितलं नाय."

मावशींचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"लुगड्यानं. दादा लुगडं पाठवणारा नव्हता, कौसे. घेऊन यायचा. ओवाळून घेतल्याबिगर द्यायचा नाय." मग त्यांनी मेथी बाजूला सारली. "तू लई हौसेनं आणलं व्हतं. तुला वाईट वाटंल म्हणून नेसले. रातच्याला एकलीच रडत व्हते."

मशीन माझ्या हातातच राहिलं. गहिवरल्या त्या हिवाळेबाईच. ज्या दुःखापासून मावशींना वाचवलं असं त्या समजत होत्या, ते मावशींनी त्यांच्यापासूनच लपवून, एकटीने सोसलं होतं. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. दुसऱ्या दिवशी बाई मावशींना एसटीने कन्नडला घेऊन गेल्या.

परतल्यावर त्यांनी हॉलमध्ये सगळंच सांगून टाकलं. परवाना, परीक्षा, नापास होणं, शिवणाच्या क्लासची थाप. मला वाटलं, म्हातारी माणसं हबकतील. एक आजोबा म्हणाले, "तरीच म्हटलं, बटन तर एक लावता येत नाय हिला." नंतर तेच आजोबा रोज सकाळी पुस्तक घेऊन बाईंची उजळणी घ्यायला बसू लागले. दुसऱ्या खेपेला बाई पास झाल्या. आश्रम वाचला. तेव्हापासून फोन हॉलमध्येच घेतला जाऊ लागला, आणि हॉलमध्ये कधी कधी रडणंही ऐकू येऊ लागलं. जेवणं मात्र कुणाची चुकली नाहीत.

गेल्या महिन्यात बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "शिस्टर, गुडघे गेले माझे. मी आता थांबणार. लेकीकडं जाते."

मला रडूच कोसळलं. त्यांनी रडू नको म्हटलं नाही. माझा हात धरून, माझं रडून होईस्तोवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "लायसनच्या पुढच्या वर्गाला तुझं नाव दिलंय. परीक्षा लई अवघड हाय, आत्ताच सांगते."